हाडांतलं ऊन

३ सप्टेंबर

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

एक किलो अळंबी तयार व्हायला खरोखर काय लागतं, ते काल पुन्हा मांडून पाहिलं. भुसा, बियाणं, वरची माती, पाणी आणि पस्तीस दिवस. हे मला तोंडपाठ आहे. एक रकाना मात्र इतक्या वर्षांत धरलाच नव्हता. तुझी वहिनी रोज सकाळी सातला अळंबीच्या अंधाऱ्या खोल्यांत जायची, पाचला बाहेर यायची. दहा तास. वर्षाचे तीनशे दिवस, अशी एकोणीस वर्षं. झाले सत्तावन्न हजार तास. तेवढ्या काळात माल निघाला एक लाख चौदा हजार किलो. भागाकार सोपा आहे. किलोमागे तुझ्या वहिनीचं अर्धा तास ऊन.

दोनदा तपासलं. बरोबर आहे.

हे आता का, तर दवाखान्यातले तिचे कागद परवा लावत होतो. ती जाऊन साडेसात आठवडे झाले, आता लावायलाच हवे होते. त्यात रक्ताचा एक आकडा आहे. डी व्हिटॅमिन, सहा. बाजूला छापलंय की तीस तरी हवं. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की हे फारच कमी आहे, ऊन मिळत नसलं की असं होतं आणि अशा माणसाचं शरीर न्यूमोनियाशी लढताना कमी पडतं. ते मला सांगत नव्हते, हातातल्या पेनाशी बोलत होते. पण माझे कान तुला माहीत आहेत. मी ऐकलं आणि खिशात ठेवून दिलं.

माझा नियम तुला ठाऊक आहे. आत गेलं की बाहेर नाही. अंगणात दोन मिनिटं जाऊन आलेलं माणूस कपड्यांवर माशी आणि हिरवी बुरशी घेऊन येतं आणि अख्खी खोली बसते. सहा पिशव्या आणि एक खोली घेऊन सुरुवात केली होती. आज सात खोल्या आहेत त्या ह्या नियमामुळे. बाकीच्यांचा माल बुरशीनं गेला, माझा एकदाही गेला नाही. कामाच्या बायका संध्याकाळी चालत घरी जातात. तुझ्या वहिनीचं घर खोल्यांना लागूनच. ती चालत कुठे जाणार?

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितोय. भोंगा पहाटे माल घेऊन तुझ्या शहरात येतो, त्याच्याकडेच पत्र दिलं आहे. अळंबीच्या खोक्यात ठेव म्हटलं तर म्हणाला की पत्राला ओल लागेल, मी खिशातच ठेवतो. गाडीवान असून माझ्यापेक्षा शहाणा.

तू चोवीस वर्षं लोकांचं रक्त काढतेस, तपासतेस. मला एकच सांग. माझ्या नियमानं ती गेली का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

माझी काळजी करू नकोस. एकतीस वर्षांत मला अंगावर काढण्याइतकाही ताप आलेला नाही. मी लहानपणी दगड फोडले आहेत, उघड्या पाठीनं, भर दुपारी. तेव्हाचं ऊन हाडांत भरून ठेवलंय, ते मला जन्मभर पुरेल.

ढमी बरी आहे. आईच्या जागी आत जाते.

माया आहे तशी असू दे.
दादा

-----

६ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र भोंग्यानं दिलं. अळंबीचं एक खोकंही दिलं आणि म्हणाला की आपण पाठवलंय हे सांगायचं नाही असं मालकांनी बजावलंय, तुम्ही स्वतः मागितलं असं म्हणा. मी मागितलं होतं असं धरून चाल.

हो किंवा नाही असं तू विचारलंस. माझ्याकडे दोन्ही नाहीत. नसलेली वस्तू मी पाठवू शकत नाही.

जे माहीत आहे ते लिहिते. शरीराच्या राखणीच्या पेशींना डी लागतं, हे खरं. ते कमी असलेल्या माणसांना छातीचे आजार जास्त होतात आणि झाले की जड जातात, असं पुष्कळ तपासण्यांत दिसलं आहे, हेही खरं. पण दादा, जो माणूस म्हातारा आहे, जाड आहे, दमेकरी आहे किंवा महिनोन्महिने घरात पडून आहे, त्याचंही डी कमीच निघतं. मग तो दगावला तर कशानं? शिवाय जोराचा आजार सुरू झाला की हा आकडा आपोआप खाली येतो. वहिनींचं रक्त दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी घेतलं होतं. त्याआधी किती होतं, कोणालाच माहीत नाही. डी देऊन असे आजार टळतात का, तर कुठे थोडा फायदा दिसला, कुठे काहीच नाही. आमचे मोठे डॉक्टरसुद्धा ह्या प्रश्नाला चष्मा पुसतात.

वहिनींना दमा होता. खोल्यांत ओल होती, भुशाची धूळ होती. आणि दवाखान्यात जायला पाच दिवस उशीर झाला. ह्यातला कोणता धागा ओढला म्हणून कापड उसवलं, ते मी सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं होईल.

एवढं मात्र कर. ढमीचं रक्त तपासून घे. आणि तुझंही. हाडांत ऊन साठत नाही. शरीरात जे साठतं ते काही आठवडे, फार तर काही महिने पुरतं. तू दगड फोडत होतास तेव्हा मी पाळण्यात होते आणि आता माझे केस पिकलेत. तुझी ती शिल्लक केव्हाच संपली असेल.

आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा तसाच आहे, तक्रारी वाढल्या आहेत.

रागावू नकोस आणि रागावलास तरी पत्र टाक.
तुझी
सुई

-----

२० सप्टेंबर

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

ढमीचा आकडा आला. नऊ. रिपोर्ट घेऊन मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो, कारण तिला खोलीतून काढलं तर त्या दिवसाची तोडणी राहिली असती. डॉक्टर म्हणाले की घाबरायचं कारण नाही, आठवड्याला एक पुडी दुधातून द्या, अशा आठ. साधी गोष्ट. मी येताना शंभरांचा खोका घेतला. म्हटलं आठ ढमीला, बाकीच्या अकरा बायकांना वाटू. मुकादमीण म्हणाली की मालक, आम्ही सकाळ-संध्याकाळ उन्हातून तंगडतोड करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या शेतात वाकतो, आम्हाला ऊन पुडीतून कशाला? बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. खोका ढमीच्या कपाटात ठेवून दिला.

पुडी फळ्यावर लिहून टाकली आहे, म्हणजे चुकणार नाही. फळ्याचं तुला ठाऊक आहे. पॅकिंगच्या खोलीतला काळा फळा. त्यावर जे लिहिलंय ते रोज सकाळी व्हायचं आणि मी पुसेपर्यंत होत राहायचं. कोणी विचारायचं नाही. वर तुझ्या वहिनीच्या अक्षरातल्या चार ओळी आहेत. खोली दोन, खिडकीची जाळी पाहणे. खोली तीन, पाणी कमी. असं. जुलैपासून मी फळा पुसलेला नाही. पुसायचा नाही असं ठरवलं नव्हतं, हात गेला नाही. त्यामुळे तीन नंबरच्या खोलीला अजून पाणी कमीच देतात. माल थोडा बारीक येतो. येऊ दे. तिच्या ओळींखाली मी लिहिलं, ढमी, पुडी.

दुसरं म्हणजे मी नियम बदलला. दुपारी बारा ते साडेबारा सगळ्यांनी अंगणात बसायचं. आत जाताना पुन्हा आंघोळ, पुन्हा कपडे. अर्धा तास ऊन, पाऊण तास आंघोळ. पहिल्या दिवशी बायका भिंतीच्या सावलीत जाऊन बसल्या. मी म्हटलं उन्हात बसा, तर मुकादमीण म्हणाली की ऊन काय, शेतात फुकट मिळतं, तुमच्याकडची सावली चांगली आहे.

एक गोष्ट लिहायची राहून जाते. पंख्याच्या आवाजावरून मला खोलीची तब्येत कळते, हे तू मिरवत सांगायचीस. जूनमध्ये तीन नंबरच्या खोलीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी पंख्याचा पट्टा बदलला. दोन दिवसांनी आवाज तसाच. पुन्हा पट्टा बदलला. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा पंखा बंद होता आणि तुझी वहिनी पिशव्यांना टेकून उभी होती. तो आवाज तिचा होता. तू जो पाच दिवसांचा उशीर लिहिलास, तो हाच. जुने दोन्ही पट्टे चांगले आहेत, ठेवले आहेत.

ढमी नीट जेवत नाही. मीही जेवतो म्हणजे ताट संपवतो. चव लागत नाही, पण ती बोंब मारण्यासारखी गोष्ट नाही.

माझ्या रक्ताचं तू पुन्हा लिहू नकोस. माझं भरपूर असणार. मला सुया टोचायच्या असतील तर आधी मला आजारी पाड.

तुमच्या घरी सर्वांस आशीर्वाद, गुडघ्यालाही.
दादा

-----

१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. बाबांना सांगू नकोस की मी लिहिलं. भोंगाकाकांना शपथ घातली आहे. ते म्हणाले की शपथ नको, दोन केळी दे.

मला बरं वाटत नाही. काय होतंय ते नीट सांगता येत नाही. तहान फार लागते. रोज मोठी कळशी एकटी संपवते आणि तरी तोंड कोरडं. सारखं लघवीला जावं लागतं आणि आत गेलं की बाहेर नाही, त्यामुळे पंचाईत होते. पोट साफ होत नाही, मळमळतं, दोनदा उलटी झाली. अंगात ताकद नाही. परवा मी पाच नंबरच्या खोलीतली टोपली घेऊन तीनमध्ये उभी होते आणि मला आठवेना की कशाला आले. मुकादमीण म्हणाली की पोरगी आईच्या मागे लागली आहे, उदास झाली आहे. असेल. पण मला उदास वाटत नाही गं आत्या. मला काहीच वाटत नाही. आई गेली तेव्हा रडू आलं होतं, आता तेही येत नाही. अळंबी तोडते, पुसते, टोपलीत ठेवते. हात करतात.

बाबा म्हणतात की डी अजून भरलं नसेल म्हणून अशक्तपणा आहे, दूध वाढव. मी वाढवलं. बाबांचा जीव माझ्यातच अडकला आहे, रोज दारात उभे राहून माझा श्वास ऐकतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. म्हणून पुडी मी एकही सकाळ चुकवलेली नाही. फळ्यावर आहे तोवर घेणार. आज त्रेचाळिसावी झाली.

तू एकदा ये ना.
तुझी
ढमी

-----

२ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ

दादा,

भोंग्याला माल टाकून लगेच उलटा पाठवते आहे. तुझा फोन कामाच्या खोलीबाहेरच्या खुंटीवर वाजत पडला आहे, अकरा वेळा लावला. मुकादमीणही उचलत नाही. तुझे नियम!

ती पुडी आठवड्याची आहे. रोजची नाही. ढमीनं त्रेचाळीस घेतल्या आहेत. आठ आठवड्यांत आठ घ्यायच्या होत्या.

तिला आत्ता, हे वाचतोस त्याच पावली, दवाखान्यात ने. डॉक्टरांना त्रेचाळीस हा आकडा सांग, लाजू नकोस. रक्तातलं कॅल्शियम आणि किडनी तपासा म्हणावं. दूध बंद. पुडी बंद. पाणी मागेल तेवढं दे. डी कमी पडलं तर वर्षानुवर्षं कळत नाही, जास्त झालं की असं होतं. रक्तात चुना वाढतो आणि माणूस वाळत जातो.

मी दुपारच्या गाडीनं निघते आहे.

सुई

-----

१९ नोव्हेंबर

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर पाच दिवस पत्र लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण बसवलं नाही.

ढमीला काल घरी आणलं. कॅल्शियम पावणेअकरावर आलं आहे. दवाखान्यात नेलं तेव्हा चौदा होतं ते तू पाहिलंसच. किडनीचा आकडा अजून वर आहे, पण उतरतोय. डॉक्टर म्हणाले की डी चरबीत साठून बसलं आहे, हळूहळूच निघेल, दोन-तीन महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं. आणखी दहा-बारा दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ह्या वेळी ते पेनाशी बोलले नाहीत, माझ्याकडे बघून बोलले. त्यांनी विचारलं की रोज द्यायला कोणी सांगितलं. मी म्हटलं, फळ्यानं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

तू निघताना म्हणालीस की ही चूक कोणाच्याही घरात होते, दर महिन्याला एक तरी पेशंट येतो. होत असेल. पण माझ्या घरात ती कशी झाली ते मला ठाऊक आहे. मी जुलैत फळा पुसला असता, तर रोज लिहायची-पुसायची सवय मोडली नसती आणि ती ओळ एका सकाळीपुरतीच राहिली असती.

काल घरी आल्यावर पुसला. आधी तुझ्या वहिनीच्या चारही ओळी वहीत उतरवून घेतल्या. माझ्या अक्षरात त्या तिच्या वाटेनात, तरी घेतल्या. मग ओला फडका फिरवला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. फळा वाळला. मुकादमिणीनं येऊन विचारलं की तीन नंबरला आता पाणी किती द्यायचं. मी म्हटलं बाकीच्यांएवढंच.

ढमी अंगणात खाटेवर बसते. सावलीत, कारण तिला आता ऊनही बेतानंच सांगितलंय. तिनं आज मला विचारलं की बाबा, तुम्ही जेवलात का. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं आपण होऊन काही विचारलं. मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हणालो.

तुझ्या पहिल्या पत्राचं उत्तर आता मीच देतो. एकीला कमी पडलं, दुसरीला जास्त झालं, दोन्ही माझ्या हातानं. तू धागे मोजत बस. मला कापड दिसतंय.

आणि तू तीनदा मागितलंस म्हणून माझं रक्त पाठवतो आहे. दवाखान्यातल्या पोरीनं काढलं. नळी बर्फात बांधून पाव किलोच्या खोक्यात ठेवली आहे, वर अळंबी पसरली आहे. भोंग्याला सांगितलं की बाजारात हे खोकं विकू नकोस. तो म्हणाला की मालकांचं रक्त काय भावानं जाईल ते तरी बघू द्या.

तपास. मला त्याची भीती नाही. माझं भरपूरच निघणार हे मी तुला आत्ताच लिहून देतो. घरातलं ऊन सगळं मी स्वतःच्या हाडांत भरून घेतलं आणि त्या दोघींना अंधारात ठेवलं, एवढंच त्यातून सिद्ध होईल. ते एकदा कागदावर यायला हवं.

तुझ्या पायगुणानं पोर वाचली. पुढं काय लिहू.
दादा

-----

२३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ढमीचे दोन्ही कागद भोंग्याबरोबर पोचले. किडनीचा आकडा ज्या चालीनं उतरतोय, ती चाल चांगली आहे. दूध, दही, पनीर अजून महिनाभर नको. पाणी भरपूर. चालायला लागली की तिला माझ्याकडे पाठव, आठवडी तपासणी इथे माझ्याच हातानं होईल. आमच्या घराला गॅलरी आहे. ह्यांना गुडघ्याची गोष्ट सांगायला नवीन माणूस मिळेल. पोरीनं ऐकून घेतलं तर तिची किडनी नाही तरी सहनशक्ती नक्की सुधारेल.

बाकीच्या पुड्या तू चुलीत घातल्यास असं भोंगा म्हणाला. तसं करायचं नव्हतं. औषध वाईट नाही. ढमीचा नऊ हा आकडा खरोखर कमी होता आणि आठवड्याची पुडी खरोखर बरोबर होती. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा लागेलही. तेव्हा फळ्यावर लिहू नकोस, तिच्या हातात दे आणि तोंडानं सांग.

दुपारचं अंगणात बसणं मात्र बंद करू नकोस. त्यानं कोणाचा न्यूमोनिया टळेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण बायका अर्धा तास बसतील, तेवढं पुरे आहे. आणि जुने दोन पट्टे टाकून दे. चांगले असले तरी टाकून दे.

तू कापडाचं लिहिलंस, ते वाचलं. मी रक्त तपासते, त्यापलीकडचं मला येत नाही.

जेवत जा. खरं जेवत जा.

आहोत तितके एकमेकांना धरून राहू.
तुझी
सुई

ता. क. तुझा नमुना आला त्याच दिवशी लावला. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. दोन्ही वेळा तेच आलं. पाच. वहिनींचं सहा होतं.